पेन्सिल, पाना आणि एकच निगेटिव्ह : ‘टेक ऑन मी’च्या व्हिडिओची चिरफाड

शिसपेन्सिल

आ-हा या नॉर्वेच्या बँडच्या ‘टेक ऑन मी’ गाण्याच्या व्हिडिओचा विषय निघाला की समोरचा हमखास विचारतो, “तो पेन्सिलच्या चित्रांचा ना?” तोच. पण माणसाच्या हालचाली गिरवून चित्रं हलवणं १९८५ साली अजिबात नवीन नव्हतं. मॅक्स फ्लायशरने या तंत्राच्या, म्हणजे रोटोस्कोपच्या, पेटंटसाठी अर्ज केला १९१५ मध्ये, पेटंट हातात पडलं १९१७ मध्ये. भाऊ डेव्ह विदूषकाचा झगा घालून कॅमेऱ्यासमोर बागडला, त्या फिल्मची एकेक चौकट (फ्रेम) मागून काचेवर पाडून मॅक्सने ती गिरवली आणि पडद्यावर कोको नावाचा विदूषक उड्या मारू लागला. म्हणजे आ-हाच्या वाट्याला हे तंत्र आलं तेव्हा ते सत्तरीचं झालं होतं. तरी हा व्हिडिओ शिळा होत नाही. का होत नाही, ते मला या धाग्यात खणायचंय.

आधी थोडी पूर्वपीठिका. गाणं १९८४ मध्ये एकदा येऊन नॉर्वेबाहेर सपशेल आपटलं होतं. त्या वेळचाही एक व्हिडिओ आहे : निळी पार्श्वभूमी, गाणारा बँड, आजूबाजूला नाचणारी मंडळी. बघावा आणि विसरावा. मग अ‍ॅलन टार्नीच्या हाताखाली गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित झालं, वॉर्नर कंपनीच्या जेफ आयरॉफने नव्या व्हिडिओवर पैसे लावायचं ठरवलं आणि दिग्दर्शनाला स्टीव्ह बॅरन आला, ‘बिली जीन’चा व्हिडिओ करणारा. चित्रांची बाजू मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर या जोडीकडे. पॅटरसनने कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्स या कलासंस्थेत शिकताना ‘कम्यूटर’ नावाची पेन्सिलची एक छोटी फिल्म केली होती. तीच थरथरती रेघ पुढे इथे आली. सुमारे ३,००० चौकटी हाताने काढल्या गेल्या आणि त्याला १६ आठवडे लागले. तीन-पावणेचार मिनिटांच्या पॉप गाण्यासाठी सोळा आठवडे थांबायला तयार झालेली कंपनी, हेच मला निम्मं आश्चर्य वाटतं.

आता गोष्ट. लंडनमधल्या एका साध्या कॅफेत मुलगी कॉमिक वाचतेय. कॉमिकमध्ये साइडकारवाल्या मोटरसायकलींची शर्यत. चित्रातला नायक तिला डोळा मारतो, पानातून पेन्सिलचा हात बाहेर येतो, ती तो धरते आणि आत जाते. इकडे वेट्रेसला वाटतं पोरगी बिल बुडवून पळाली. ती चिडून कॉमिकचा चोळामोळा करते आणि कचऱ्याच्या डब्यात टाकते. आत शर्यतीतले दोन प्रतिस्पर्धी भलामोठा पाना घेऊन दोघांच्या मागे लागतात.

माझ्या मते सगळ्या व्हिडिओचा जीव एका जागी आहे. आत गेल्यावर तो तिला एका उभ्या चौकटीपाशी नेतो. चौकट म्हणजे आरशाची असते तशी, पण आरपार. चौकटीतून बघितलं की माणूस हाडामांसाचा. चौकटीच्या कडेबाहेर त्याचाच खांदा, त्याचाच हात पेन्सिलचा. दोघं एकमेकांभोवती फिरतात आणि जो जो चौकटीमागे जातो तो तो खरा होतो. हे बघताना ‘इथे चित्र चिकटवलंय’ असं क्षणभरही वाटत नाही. त्याचं कारण साधं आहे, पण कुणी फारसं सांगत नाही : चित्र आणि माणूस दोन्ही एकाच निगेटिव्हमधून आलेत. आधी सगळा प्रसंग खऱ्या माणसांवर चित्रित झाला आणि मग त्यातलाच हवा तेवढा भाग गिरवला गेला. त्यामुळे कॅमेरा जितका सरकला तितकीच रेघ सरकते, प्रकाश ज्या बाजूने आला त्याच बाजूला शिसाची छाया पडते, खांदा चौकटीच्या कडेला जिथे संपतो तिथूनच चित्रातला खांदा सुरू होतो. कार्टून आणि माणूस एकत्र दाखवणाऱ्या बहुतेक कामांत दोन वेगळ्या गोष्टी जुळवत बसावं लागतं. इथे जुळवायचं काही उरलंच नाही, कारण तुटलंच नव्हतं.

ओठांचंही तेच. गाणाऱ्या माणसाला गिरवलं की शब्द आणि ओठ आपोआप जुळतात. अ‍ॅनिमेटर बिचारे एरवी ‘आ’ला कुठला ओठ आणि ‘ओ’ला कुठला याचे तक्ते भिंतीवर लावून बसतात. आ-हाचा गायक हार्केट गाताना जबडा कसा पुढे काढतो हेसुद्धा त्या चित्रात उतरलंय.

आणखी एक, जे मला फार उशिरा जाणवलं. पेन्सिलच्या जगात पार्श्वभूमी जवळपास नाहीच. कागद कोराच ठेवलाय. कॅफेत मात्र टेबलं, कप, गिऱ्हाइकं, सगळा पसारा आहे. मोकळं आणि खचाखच, असा तो फरक आहे. रंगीत आणि काळंपांढरं हा त्यावरचा वरवरचा थर. म्हणूनच वेट्रेस पान चुरगाळते आणि आत तोच कोरा कागद भिंती होऊन अंगावर येतो, चक्रव्यूह बनतो, तेव्हा दचकायला होतं. इतका वेळ जो मोकळेपणा होता तोच कैद झाला. शेवटी तो कागदाच्या भिंतीला भोक पाडतो, तिला बाहेर ढकलतो आणि ती कॅफेत कचऱ्याच्या डब्याशेजारी पडलेली सापडते.

शेवटचा प्रसंग (बोळात भिंतींवर आपटत आपटत चित्राचा माणूस होतो तो) मुद्दाम सोडतेय. त्यावर तुम्हीच बोला.

---

पोटमाळा

काय जबरी लिहिलंय! वाचनखूण साठवली.

मी हे पहिल्यांदा चॅनल व्हीवर बघितलं. केबलवाल्याच्या कृपेने प्रत्येक माणसाला उजवीकडे एक सावली असायची, त्यामुळे पेन्सिलची रेघ कुठली आणि केबलची मुंगी कुठली हे कळायचं नाही. तरीही तो पानातून येणारा हात बघून तोंडाचा आ झाला होता. २०१९ मध्ये फोर-के प्रत आली त्यात पहिल्यांदा पेन्सिलचा दाब दिसला, कुठे हात जड पडलाय, कुठे नुसता फिरवलाय. २०२० च्या फेब्रुवारीत यूट्यूबवर शंभर कोटींचा आकडा ओलांडला त्यातले निदान पन्नासेक माझे असावेत.

एक शंका. चौकटीच्या त्या शॉटमध्ये अर्धं खरं, अर्धं चित्र एकाच वेळी दिसतं. म्हणजे प्रत्येक कागदावर अर्धा माणूस काढायचा?

---

रोटोकर

@पोटमाळा, तत्त्व असं की दोन थर असतात. खाली खरं चित्रीकरण, वर गिरवलेली चित्रं, आणि मध्ये एक झापड, म्हणजे मॅट. चौकटीच्या आतल्या आकाराची झापड केली की आतून खालचा थर दिसतो, बाहेर वरचा. चौकट हलली की झापडही तितकीच हलवायची. शिसपेन्सिल म्हणतात तसं, दोन्ही थरांचा उगम एकच असल्यामुळे ते एकमेकांवर तंतोतंत बसतात. फक्त झापड नीट कापली पाहिजे.

मी मालाडला रोटोमध्येच (रोटोस्कोपच्या कामात) आहे, म्हणून हा धागा बघून राहवलं नाही. परदेशी सिनेमांचं रोटो आणि पेंटचं काम केवढं मुंबई, हैदराबाद, चेन्नईत होतं हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. दिवसभर (म्हणजे बहुतेकदा रात्रभर) आम्ही नायकाला मागच्या देखाव्यातून कापून काढत असतो. सिलुएट किंवा न्यूक हे सॉफ्टवेअर उघडायचं, दंडाला एक आकार, हाताला दुसरा, केसांची बट वेगळी, आणि चौकटीमागून चौकट तो आकार सरकवत न्यायचा. आमची कामगिरी कशात? आम्ही काही केलंय हे कुणाला कळू नये यात. कड जरा थरथरली की शॉट परत येतो, शेजारी शेरा : ‘एज चॅटर’. किती शॉट या एका शेऱ्यावर परत आलेत ते विचारू नका.

आणि इथे? इथे अख्खा व्हिडिओ चॅटर आहे! प्रत्येक चौकट नव्याने काढल्यामुळे उभ्या माणसाची रेघसुद्धा जागच्या जागी उकळत राहते. अ‍ॅनिमेशनवाले त्याला ‘बॉइल’ म्हणतात. पण नीट बघा, पॅटरसनने ही उकळी सगळीकडे सारखी ठेवलेली नाही. डोळे आणि ओठ घट्ट आहेत, जागा सोडत नाहीत. जॅकेट, केस, सावल्या मोकाट आहेत. सावलीच्या तिरक्या रेघा तर प्रत्येक चौकटीत वेगळ्या. नजर जिथे टिकायला हवी तिथे शिस्त, बाकी ठिकाणी धिंगाणा. चेहराही तितकाच उकळला असता तर तिसऱ्या सेकंदाला डोकं दुखलं असतं. हे एका कलाकाराचं डोकं आहे, यंत्राला ही निवड करता येत नाही.

---

ठेकेदार

मी चित्रांतला नाही, वाद्यांतला. पण आकडे बघून हात शिवशिवले.

गाण्याची लय मिनिटाला साधारण १६९ ठोके. म्हणजे एक मात्रा ०.३५५ सेकंदाची. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर एका मात्रेला साडेआठ चौकटी येतात. साडेआठ! पूर्णांक नाही. म्हणजे चित्रांची उकळी आणि ठोका कधीच एकमेकांत अडकत नाहीत, एक मात्रा चौकटीवर पडते तर दुसरी दोन चौकटींच्या मध्ये. मला हे फार आवडतं, कारण गाण्याचा ठेका यंत्राचा आहे. लिनड्रम नावाचं ड्रम मशीन, सरळ काटेकोर. त्यावर सिंथची ती प्रसिद्ध धून, तीही कोरीव. यावर जर चित्रंही ठोक्यागणिक उड्या मारणारी असती तर सगळंच घड्याळासारखं झालं असतं. ठेका पोलादी आणि रेघ सैल, यात मजा आहे. आणि त्या दोघांच्या वरून हार्केटचा आवाज खालच्या षड्जापासून निघून अडीच सप्तकं चढत जातो.

दुसरा हिशेब. ३,००० भागिले २४ म्हणजे १२५ सेकंद, दोन मिनिटं पाच सेकंद. व्हिडिओत पेन्सिलचा भाग डोळ्यांच्या अंदाजाने निम्म्याच्या आसपास भरतो. म्हणजे गणित बसतं : जवळपास प्रत्येक चौकटीला स्वतंत्र चित्र. स्वस्तातलं अ‍ॅनिमेशन एक चित्र दोन-तीन चौकटी धरून ठेवतंच, चांगलंही पुष्कळदा दोन चौकटी धरतं; इथे तसं फार केलेलं दिसत नाही. सोळा आठवड्यांत ३,००० म्हणजे आठवड्याला १८७, रविवार सोडला तर दिवसाला एकतीस. एकतीस सही-सही चित्रं, रोज, चार महिने. मी रोज एकतीस वेळा एकच पलटा घोटला तरी चौथ्या दिवशी तबला विकायला काढीन.

---

शिसपेन्सिल

@ठेकेदार, साडेआठचा मुद्दा भन्नाट आहे. हे मला सुचलंच नसतं.

@रोटोकर, डोळे-ओठ घट्ट आणि बाकी मोकाट, हे बघायला यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबत पुढे जायचं, स्वल्पविरामाची दाबून मागे. एकेक चौकट सरकते. ज्यांना वेळ आहे त्यांनी चौकटीचा शॉट असा बघाच. रात्रीची झोप गेली तर मला बोलू नका.

---

आगाऊ_अण्णा

सगळे आरती ओवाळताय म्हणून मी जरा विस्तवावर पाणी टाकतो.

१९८६ च्या एमटीव्ही पुरस्कारांत ‘टेक ऑन मी’ला सहा बक्षिसं मिळाली हे खरं. दिग्दर्शन, स्पेशल इफेक्ट्स, प्रयोगशीलता, संकल्पना, नवा कलाकार, प्रेक्षकांची पसंती. पण ‘व्हिडिओ ऑफ द इयर’ कुणाला गेलं? डायर स्ट्रेट्सच्या ‘मनी फॉर नथिंग’ला. दिग्दर्शक कोण? हाच स्टीव्ह बॅरन! एकाच वर्षी माणसाने दोन व्हिडिओ केले, एक पेन्सिलने आणि एक संगणकाने, आणि मोठं बक्षीस संगणकाला मिळालं. मला विचाराल तर बरोबर मिळालं.

१९८५ साली संगणकावर चालतीबोलती माणसं उभी करणं म्हणजे काय, याचा विचार करा. बॉश एफजीएस-४००० नावाचं यंत्र, सोबत चित्रांवर रंगकाम करायला क्वांटेलचा पेंटबॉक्स. इयन पिअरसन आणि गॅव्हिन ब्लेअर या दोघांनी ती ठोकळ्यांची माणसं घडवली. यंत्राला जास्त पृष्ठभाग झेपत नव्हते म्हणून माणसं ठोकळ्यांची झाली, आणि गाणं फ्रीज उचलणाऱ्या हमालांचं असल्यामुळे ठोकळे शोभलेसुद्धा. मर्यादेतून शैली काढणं याला म्हणतात. याच दोघांनी पुढे ‘रीबूट’ केलं, १९९४ मध्ये, पूर्ण संगणकावर केलेली टीव्ही मालिका. म्हणजे तो व्हिडिओ पुढे बघत होता. तुमचा पेन्सिलवाला मागे बघत होता.

आणि गोष्ट तर काय सांगावी! देखणा पोरगा पानातून हात काढतो, पोरगी लगेच आत. शेवटी मिठी. आमच्या वेळच्या दिवाळी अंकांतल्या गुलाबी कथा याहून बऱ्या होत्या.

---

पोटमाळा

अण्णा, हसून हसून पुरेवाट. पण दिवाळी अंकातल्या कथेत पाना घेऊन कुणी मागे लागायचं नाही.

---

शिसपेन्सिल

अण्णा, ‘मनी फॉर नथिंग’ मलाही आवडतो, आणि मर्यादेतून शैली काढली हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. तुलना म्हणूनच उपयोगी आहे. आता तो पुन्हा बघा आणि एवढंच शोधा : ठोकळ्यांचे हमाल आणि डायर स्ट्रेट्सचा खरा मार्क नॉफ्लर एकमेकांच्या अंगाला कधी लागतात का? नाही. हमाल टीव्ही बघतात आणि त्या टीव्हीत बँड वाजवतो, मध्ये काच. संगणकाचं जग आणि माणसांचं जग एकमेकांना शिवूच शकत नव्हतं, कारण दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी जन्मले होते. एक बॉशच्या यंत्रात, दुसरं बुडापेस्टच्या मैफिलीत. बॅरनने त्या अडचणीची काच केली, हे त्याचं कसब.

गंमत पुढे आहे. बुडापेस्टच्या त्या चित्रीकरणात नॉफ्लरच्या कपाळाची पट्टी, गिटार, कपडे यांवर जे झगझगीत रंग भरलेत, ते काय आहे? तेही चौकटीचौकटीवर भरलेलं रोटोस्कोपच. संगणकाचा म्हणून मिरवणाऱ्या व्हिडिओला माणूस जिथे जिवंत दाखवायचा होता तिथे फ्लायशरच्याच दारात जावं लागलं.

गोष्ट बाळबोध आहे, मान्य. पण जोड दाखवायला साधी गोष्टच लागते. कथेत वळणं असती तर आपण वळणं बघत बसलो असतो, खांद्याची कड कोण बघणार?

---

आगाऊ_अण्णा

रंगाचा मुद्दा खरा आहे. काचेचाही. तरी बक्षीस बरोबरच मिळालं.

---

नाशिकची_द्राक्षं

अवांतर, पण फार नाही.

फ्लायशरने अर्ज केला त्या १९१५ साली आपल्याकडे दादासाहेब फाळके काडेपेटीतल्या काड्या नाचवत होते. ‘आगकाड्यांची मौज’. काडी जराशी हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायची. त्याही आधी, ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे उभे करायचे होते तेव्हा, त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून ती फिल्म दाखवली होती. भांडवल देणाऱ्याला पटवायला ती एक मिनिटाची करामत पुरली. आयरॉफने पॅटरसनची विद्यार्थिदशेतली फिल्म बघून पैसे मोकळे केले, त्याच जातीची गोष्ट. चौकटीचौकटीने काम करणाऱ्याला आधी एक छोटा नमुना करून दाखवावाच लागतो, कारण कागदावर ते कुणाला समजावता येत नाही.

काड्यांची ती फिल्म आज उपलब्ध नाही, ही हळहळ.

---

झटपट_झुणका

उत्तम चर्चा. पण खरं सांगा, आज हे सगळं फोनवर एका बटणात होतं. व्हिडिओ टाका, ‘पेन्सिल स्केच’ निवडा, चहा होईपर्यंत तयार. एआयवाले तर आणखी भारी करतात. मग सोळा आठवड्यांचं कौतुक नक्की कशाचं? मेहनतीचं की निकालाचं?

---

रोटोकर

निकालाचंच. मेहनतीचं कौतुक करायचं तर आमच्या नाइट शिफ्टचं आधी करा.

फिल्टर काय करतो ते सांगतो. चित्रात जिथे उजेड-अंधाराची कड सापडेल तिथे रेघ मारतो. त्याला नाक आणि नाकामागची ट्यूबलाइट सारखीच. म्हणून पार्श्वभूमी भरून जाते. शिसपेन्सिल यांनी कोऱ्या कागदाबद्दल लिहिलंय ना, तो कोरा कागद फिल्टरला जमत नाही. सोडून द्यायचं काय, हे त्याला ठरवता येत नाही. एआयचं उलट दुखणं. तो सोडतो, पण प्रत्येक चौकटीत वेगळं सोडतो. या चौकटीत जॅकेटला तीन बटणं, पुढच्या चौकटीत चार. किंवा मग सगळं इतकं गुळगुळीत करतो की उकळी पार जाते आणि मेणाचा पुतळा चालताना दिसतो. हे सुधारेल, दर महिन्याला सुधारतंय, मी डोळ्यांनी बघतोय आणि पोटात गोळाही येतोय. पण आज तरी ‘डोळे घट्ट, जॅकेट मोकाट’ असं सांगायला त्याच्यासमोर कुणीतरी माणूस बसावा लागतो.

---

निळावंती

मी शाळेत चित्रकला शिकवते. आठवी-नववीची मुलं आहेत, शाळेत एक प्रोजेक्टर आणि दोन जुने संगणक. दहा सेकंदांचं असं काही करून घेता येईल का? खर्च फार नको. मुलं तशी उत्साही आहेत, पण कंटाळतातही पटकन.

---

रोटोकर

निळावंतीताई, नक्की होईल.

चित्रीकरण करताना एका बाजूने कडक उजेड पाडा. खिडकीशेजारी उभं करा, बाकी दिवे बंद. चेहऱ्याची एक बाजू उजळ, एक अंधारी असली की मुलांना छाया कुठे भरायची ते आपोआप कळतं. सपाट उजेडात पेन्सिलला करायला काही उरत नाही. कपडे एकरंगी घालायला सांगा. चौकड्यांचा शर्ट असला की मुलं तुम्हाला शिव्या देतील. हालचाल मोठी हवी, वळून बघणं, उडी, हात पुढे करणं. पुटपुटणं नको.

मग सेकंदाला १२ चौकटी काढा. दहा सेकंदांना १२० चित्रं. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर डोक्यावर तीन-तीन. एवढ्यात कुणी कंटाळत नाही. चौकटी फिकट छापून घ्या आणि त्यावर पातळ कागद ठेवून गिरवायला द्या. महत्त्वाचं : प्रत्येक कागदाला एकाच जागी पंचने भोकं पाडून घ्या आणि चित्र काढताना व स्कॅन करताना कागद एकाच खुंट्यांवर अडकवा. अ‍ॅनिमेशनवाले याला पेग बार म्हणतात, तुम्ही पट्टीवर दोन खिळे ठोकले तरी चालेल. हे केलं नाही तर अख्खा माणूस पडद्यावर नाचेल आणि ती उकळी नसेल, भूकंप असेल. शेवटी सगळं एकत्र करायला संगणकावर क्रिता किंवा ब्लेंडर, दोन्ही फुकट आहेत.

आणि मुलांना सांगा, डोळे-ओठ जसेच्या तसे गिरवा, बाकी हाताला येईल तसं. चाळीस हात म्हणजे चाळीस रेघा. उकळी कशी येते ते बघाच.

---

निळावंती

छापून ठेवलं! दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करते. पंच आहे, खिळेही आहेत.

---

ठेकेदार

बोळाच्या प्रसंगाचं कुणी घेतलंच नाही, म्हणून मी घेतो.

ती घरी येते, चुरगळलेलं कॉमिक सरळ करते, पुढच्या चौकटीत तो निपचित पडलेला. मग तो उठतो, कॉमिकच्या चौकटीच्या कडांवर धडका मारतो आणि तोच तिच्या घराच्या बोळात दिसायला लागतो : डावीकडच्या भिंतीवर, उजवीकडच्या भिंतीवर. आपटला की क्षणभर माणूस, लगेच पुन्हा चित्र. बॅरनला ही कल्पना ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या १९८० च्या सिनेमातल्या शेवटावरून सुचली; केन रसेलचा तो.

संगीताच्या बाजूने हा सगळ्यात धाडसी भाग आहे. गाणं शेवटच्या आवर्तनांत फिरत फिरत विरत जातं, पॉपमध्ये तेव्हा सर्रास करायचे तसं. म्हणजे आवाज उतरत चाललाय आणि पडद्यावर नेमका तेव्हाच सगळ्यात जास्त मारामार. एरवी दिग्दर्शक शेवटची वीस सेकंदं बँडला हात हलवायला लावून भरून काढतात. इथे कथेचा कळस गाण्याच्या शेपटीवर ठेवलाय. त्यामुळे विरणारं गाणंसुद्धा आपण कान टवकारून ऐकतो, पुढे काय होतंय म्हणून.

---

रोटोकर

आणि तांत्रिक बाजूने तिथे पुन्हा तेच एक निगेटिव्ह कामाला येतं. चित्रातून माणसात जायला कुठलंही हळूहळू वितळणं नाही. आत्ता चित्र, पुढच्या क्षणी माणूस, पुन्हा चित्र. दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसत असल्यामुळे अदलाबदल कुठेही करता येते. खांदा तिथेच राहतो, फक्त कातडी बदलते. वेगळ्या चित्रकाराने कल्पनेने काढलेली चित्रं असती तर प्रत्येक अदलाबदलीला अंग इंचभर उडालं असतं आणि धडक भिंतीला बसण्याऐवजी आपल्या डोळ्यांना बसली असती.

---

शिसपेन्सिल

@ठेकेदार, @रोटोकर, याचीच वाट बघत होते.

जाता जाता, पॅटरसन आणि रेकिंजर यांनी पुढे स्वतः व्हिडिओ दिग्दर्शित केले. सुझान व्हेगाचं ‘लूका’ त्यांचंच, आणि पॉला अब्दुलचं ‘ऑपोझिट्स अट्रॅक्ट’ही, ज्यात ती कार्टून बोक्याबरोबर नाचते. तो बोका गिरवलेला वाटत नाही, पूर्ण कार्टून आहे, त्यामुळे तिथे जोड शोधायची मजा वेगळी. अब्दुल त्याच्याकडे बघते तेव्हा नजर बरोबर त्याच्या डोळ्यांवर पडते का, ते तपासत बसते मी.

@आगाऊ_अण्णा, तुम्हाला मिठीचा शेवट गोड वाटला ना? मग ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’ बघा. बॅरननेच केलाय. सुरुवात बरोबर तिथून होते जिथे हा संपतो : दोघं रानात, संध्याकाळ, आणि त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा पेन्सिल उगवायला लागते. तो तिला तिथेच सोडून पळत सुटतो. त्यालाही त्याच पुरस्कारांत संकलन आणि छायाचित्रण अशी दोन बक्षिसं मिळाली.

---

आगाऊ_अण्णा

बघितलं. गाणं सुरू व्हायच्या आधीच पडद्यावर ‘द एंड’ येतं! हे आवडलं. बॅरनला पूर्ण गुण. पेन्सिलला मात्र साठच.